टाझारा : घेणाऱ्यांची मुत्सद्देगिरी

परदेशी मदतीचा इतिहास बहुधा देणाऱ्याच्या बाजूने लिहिला जातो. कोणी किती पैसा दिला, त्यामागे त्याचा कोणता डाव होता, त्यातून त्याचे वजन किती वाढले, एवढ्यावर चर्चा संपते. घेणारा देश या चर्चेत एक तर उपकृत असतो, नाहीतर फसलेला. त्याने स्वतः काही ठरवले असेल, चार दारे ठोठावून, चार अटी पारखून, एकाची ऑफर दुसऱ्याला दाखवून आपले काम साधले असेल, ही शक्यता क्वचितच मनावर घेतली जाते. आफ्रिकेच्या बाबतीत तर ही सवय फारच मुरलेली आहे. म्हणूनच टांझानिया आणि झांबिया या दोन देशांनी 1960 च्या दशकात चीनकडून मिळवलेल्या रेल्वेची हकीकत मला महत्त्वाची वाटते. हिंदी महासागरावरच्या दार-एस-सलाम बंदरापासून झांबियातल्या कापिरी मपोशीपर्यंतचा हा 1,860 किलोमीटरचा लोहमार्ग टाझारा या नावाने ओळखला जातो. चीनने त्या काळात परदेशात हाती घेतलेला हा सर्वांत मोठा मदतप्रकल्प. राजकारणावर लिहिणारे त्याला चीनच्या महत्त्वाकांक्षेचा दाखला मानतात, तर अर्थकारणावर लिहिणारे तोट्यातल्या रेल्वेचा. माझे म्हणणे असे की टाझारा ही आधी घेणाऱ्यांच्या मुत्सद्देगिरीची कहाणी आहे आणि तिचा हिशेब त्यांच्या बाजूने मांडायला हवा. तसा मांडला की यश जिथे शोधले जाते तिथे न सापडता दुसरीकडेच सापडते, आणि चूकही दुसरीकडेच.

झांबियाला समुद्र नाही. 24 ऑक्टोबर 1964 रोजी हा देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्या निर्यातीचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग एकट्या तांब्याचा होता. ते तांबे बाहेर नेणारी मुख्य रेल्वे दक्षिणेकडे, व्हिक्टोरिया धबधब्याजवळच्या 1905 सालच्या पुलावरून ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत जात होती. पुढचे बैरा बंदर पोर्तुगालच्या ताब्यातल्या मोझांबिकमध्ये. तांब्याच्या भट्ट्यांना लागणारा कोळसा ऱ्होडेशियातल्या वँकीच्या खाणींतून येई. झांबेझी नदीवरच्या करिबा धरणाची वीज दोन्ही देशांची, पण त्या वेळचे एकमेव वीजगृह दक्षिण काठावर, ऱ्होडेशियाच्या हद्दीत. वसाहतीच्या काळात ही सगळी व्यवस्था एकाच साम्राज्याच्या सोयीने उभी राहिली होती, त्यामुळे कोणाला काही खटकले नाही. 11 नोव्हेंबर 1965 रोजी इयन स्मिथच्या गोऱ्या अल्पसंख्य सरकारने ब्रिटनला न जुमानता ऱ्होडेशियाचे स्वातंत्र्य परस्पर जाहीर केले आणि झांबियाच्या नरड्यावर कोणाचा हात आहे ते एका रात्रीत स्पष्ट झाले. आंतरराष्ट्रीय समुदायाने ऱ्होडेशियाचे तेल तोडले, ऱ्होडेशियाने झांबियाचे. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांना विमानांतून तेलाची पिंपे झांबियात उतरवावी लागली. बाकीचा माल दार-एस-सलामहून कच्च्या रस्त्याने ट्रकमधून यायचा, आणि पावसाळ्यात त्या रस्त्यावर इतके अपघात होत की चालकांनी त्याला नरकाची वाट असे नाव ठेवले होते. अध्यक्ष केनेथ कौंडा यांना वर्णद्वेषी राजवटींविरुद्ध बोलायचे होते, पण बोलण्याची किंमत दर आठवड्याला तांब्याच्या वाघिणींत मोजली जाणार होती.

उत्तरेकडून समुद्राला जाणाऱ्या रेल्वेची कल्पना या पेचातून बळावली. ती घेऊन दोन्ही देश आधी चीनकडे गेले नाहीत, ही गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. 1964 मध्ये जागतिक बँकेने प्रस्ताव पाहिला आणि नाकारला. तिचे म्हणणे थोडक्यात असे होते की दक्षिणेकडची रेल्वे झांबियाची गरज भागवायला पुरेशी आहे, नव्या मार्गाला पुरेसा माल मिळणार नाही, त्यापेक्षा रस्ते सुधारावेत. ब्रिटिश आणि कॅनेडियन सल्लागारांनी 1966 मध्ये दिलेला अहवाल मात्र हा मार्ग व्यवहार्य असल्याचे सांगणारा होता. तरीही पैसा घेऊन पुढे कोणी आले नाही, ना लंडन, ना वॉशिंग्टन. जागतिक बँकेची आकडेमोड चुकीची होती असे मी म्हणणार नाही. तिच्यात एक गृहीत दडलेले होते, ते असे की ऱ्होडेशियातून जाणारा मार्ग झांबियाला कायम आणि बिनशर्त खुला राहील. वर्षभरात स्मिथच्या घोषणेने ते गृहीत मोडीत निघाले, पण निर्णय बदलला नाही. टांझानियाचे अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे फेब्रुवारी 1965 मध्ये पेकिंगला गेले आणि तिथे त्यांना मदतीचे आश्वासन मिळाले. कौंडा अधिक सावध होते. साम्यवादी देशाकडून एवढे मोठे काम करून घेतल्यास देशात आणि बाहेर काय पडसाद उमटतील याची त्यांना काळजी होती, आणि पाश्चात्त्यांकडून होकार येईल या आशेवर त्यांनी आणखी दोन वर्षे काढली. जून 1967 मध्ये ते स्वतः पेकिंगला गेले, आणि सप्टेंबर 1967 मध्ये तीन देशांचा करार झाला.

या दोन वर्षांत न्येरेरे काय शिकले होते ते पाहिले म्हणजे कराराचे महत्त्व उलगडते. टांगानिका आणि झांझिबार यांचे 1964 मध्ये एकीकरण झाले. झांझिबारने आधीच पूर्व जर्मनीला मान्यता दिलेली होती. पश्चिम जर्मनीचे धोरण असे, की जो पूर्व जर्मनीशी संबंध ठेवील त्याच्याशी आम्ही ठेवणार नाही. न्येरेरे यांनी मधला मार्ग म्हणून दार-एस-सलाममध्ये पूर्व जर्मनीला फक्त वाणिज्य दूतावास उघडू दिला, तेवढ्यावरून 1965 मध्ये पश्चिम जर्मनीने लष्करी मदत काढून घेतली. मग बाकीची सरकारी मदतही घेऊन जा, असे न्येरेरे यांनी कळवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ऱ्होडेशियाच्या प्रश्नावर आफ्रिकी ऐक्य संघटनेच्या ठरावाला जागून टांझानियाने ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले, आणि ठरलेले 75 लाख पौंडांचे ब्रिटिश कर्ज गोठले. गरीब देशासाठी हे लहान नुकसान नव्हते. फेब्रुवारी 1967 च्या अरुशा घोषणेत परक्या पैशावर विकास उभा करण्याविरुद्ध जो इशारा आहे, त्यामागे हे दोन ताजे अनुभव होते. पैसा कोठून येतो याहून पैसा थांबवण्याचा हक्क कोणाकडे आणि कोणत्या कारणासाठी राहतो, हा प्रश्न न्येरेरे यांना मोठा वाटू लागला होता, आणि मला वाटते मदतीच्या कोणत्याही करारात विचारावा असा पहिला प्रश्न तोच आहे.

इथे एक आक्षेप लगेच येईल, आणि त्या काळी तो मोठ्या आवाजात घेतला गेला, की पश्चिमेशी बिनसले म्हणून टांझानिया चीनच्या कच्छपी लागला. पुरावा तसे सांगत नाही. रेल्वेची बोलणी चालू असतानाच दार-एस-सलाम ते झांबियातल्या न्डोला या तेलवाहिनीचे काम इटालियन कंपन्यांनी केले आणि ती 1968 मध्ये सुरू झाली. त्याच दिशेने जाणाऱ्या टांझाम महामार्गाला अमेरिकेने पैसा दिला. जर्मनांची जागा लष्करी प्रशिक्षणात कॅनडाने घेतली. स्वीडन आणि इतर नॉर्डिक देश पुढच्या दोन दशकांत टांझानियाचे मोठे मदतदार राहिले. ब्रिटनशीही 1968 मध्ये संबंध पूर्ववत झाले. म्हणजे चीनची रेल्वे, अमेरिकेचा रस्ता, इटलीची वाहिनी, कॅनडाचे लष्करी शिक्षक, स्वीडनचा पैसा, हे सगळे एकाच काळात एकाच देशात होते. भारतीय वाचकाला यात नवल वाटू नये. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत आपण भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत संघाच्या, राउरकेलाचा पश्चिम जर्मनीच्या आणि दुर्गापूरचा ब्रिटनच्या साहाय्याने उभारला, आणि अमेरिका बोकारोतून मागे हटल्यावर तेही काम सोव्हिएत संघाकडे गेले. अलिप्ततेचे हे व्यावहारिक रूप होते. देणाऱ्यांच्या चढाओढीतून आपल्यासाठी निवडीला जागा तयार करायची. अमेरिकेने रस्त्याचा निर्णय घेण्यात चिनी रेल्वेच्या धास्तीचाही वाटा होता, असे मानायला पुरेसे कारण आहे.

आता कराराच्या अटींकडे वळू, कारण मुत्सद्देगिरी शेवटी अटींतच दिसते. चीनने 98 कोटी 80 लाख युआनचे बिनव्याजी कर्ज दिले. सुरुवातीची काही वर्षे सवलतीची, मग तीस वर्षांत परतफेड, बोजा दोन्ही देशांत निम्मा निम्मा. रेल्वे दोन्ही देशांच्या मालकीची, चीनचा तिच्यात एकही हिस्सा नाही. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी 1964 च्या आफ्रिका दौऱ्यात मदतीची जी आठ तत्त्वे जाहीर केली होती, त्यांना धरून कर्जाला राजकीय अट नव्हती, आणि चिनी तज्ज्ञांना स्थानिक तज्ज्ञांपेक्षा वेगळी राहणी किंवा जादा सुखसोयी मिळणार नव्हत्या. रुळांची रुंदी हा तर बारकाईने पाहण्यासारखा तपशील. चीनमध्ये 1,435 मिलिमीटरचे रूळ, टांझानियाच्या जुन्या मार्गांवर एक मीटरचे, आणि टाझारा बांधली गेली 1,067 मिलिमीटरची, कारण झांबियातले आणि त्याच्या दक्षिणेकडचे सगळे मार्ग त्या रुंदीचे होते. घेणाऱ्यांच्या भविष्याचा विचार करून हे ठरले. आज ना उद्या दक्षिण स्वतंत्र होईल आणि गाड्या थेट खाली जाऊ शकतील, हा विश्वास त्या मापात आहे. टांझानियाने त्यासाठी आपल्याच जुन्या रेल्वेशी थेट जोडणीची सोय सोडून दिली.

एक अट मात्र जाचक निघाली. मजुरी, खडी, लाकूड, अन्नधान्य असा जो खर्च स्थानिक चलनात करायचा होता, त्यासाठी चीनकडे परकीय चलन नव्हते. म्हणून चीनने माल पाठवायचा, कापड, सायकली, भांडी, औषधे, खाद्यपदार्थ असा, तो दोन्ही देशांच्या सरकारी व्यापार संस्थांनी विकायचा आणि आलेल्या शिलिंग-क्वाचांतून रेल्वेचा स्थानिक खर्च भागवायचा, असे ठरले. दुकाने चिनी मालाने भरली. त्यातला बराच माल लोकांना पसंत पडला नाही, आणि टांझानियाच्या बाल्यावस्थेतल्या कारखान्यांवर त्याचा ताण आला. झांबियात हा माल खपवणे अधिकच जड गेले. या व्यवस्थेवर टीका करणारे बरोबर आहेत. फक्त एवढे ध्यानात घ्यावे की हा बोजा करारात उघड लिहिलेला होता, त्याला मुदत होती, आणि बदल्यात मिळालेली रेल्वे कोणाकडे गहाण नव्हती. शिवाय दरडोई उत्पन्न पाहिले तर देणारा चीन त्या वेळी घेणाऱ्या झांबियापेक्षा गरीब होता. सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाळीत सापडलेल्या, स्वतः कपडा रेशनवर देणाऱ्या देशाने दुसऱ्याला कापड पाठवावे, यातून त्याला या कामाची किती निकड होती ते कळते.

निकड कशाची होती? दुसरा मोठा आक्षेप इथे उभा राहतो. चीनला संयुक्त राष्ट्रसंघात जागा हवी होती, तैवानला एकटे पाडायचे होते, अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांशी वैर असताना तिसऱ्या जगाचे नेतृत्व हवे होते. मग ही मदत कसली, हा तर सौदा. 25 ऑक्टोबर 1971 रोजी आमसभेने 76 विरुद्ध 35 मतांनी पेकिंग सरकारला चीनची जागा दिली, तेव्हा आफ्रिकी देशांची मते निर्णायक ठरली. टांझानियाचे राजदूत सलीम अहमद सलीम यांचा त्या रात्रीचा जल्लोष अमेरिकी प्रतिनिधींच्या चांगलाच लक्षात राहिला. सौदा होता हे मी मान्य करतो, आणि त्यात गैर काही पाहत नाही. ज्याला आपल्याकडून काही हवे आहे त्याच्याशीच घासाघीस करता येते. निव्वळ परोपकाराने देणाऱ्यासमोर घेणाऱ्याच्या हाती काहीच नसते. घेणाऱ्याने फक्त इतके पाहावे की मागितलेली किंमत काय आहे, आणि ती आपल्याला परवडते का. टांगानिकाने डिसेंबर 1961 मध्ये स्वातंत्र्य मिळताक्षणी चीनशी राजनैतिक संबंध जोडले होते, झांबियाने स्वातंत्र्यानंतर पाच दिवसांत. रेल्वेचा करार व्हायला तेव्हा अनुक्रमे सहा आणि तीन वर्षे अवकाश होता. म्हणजे चीनला जे मत हवे होते ते या दोन देशांच्या स्वतःच्या धोरणातच बसत होते. आपण जे करणारच होतो त्याच्या बदल्यात 1,860 किलोमीटरची रेल्वे पदरात पडावी, याला मी उत्तम मुत्सद्देगिरी म्हणतो.

बांधकाम ऑक्टोबर 1970 मध्ये सुरू झाले. हजारो चिनी कामगार आणि अभियंते जहाजांनी आले. त्यांच्याहून अधिक टांझानियन आणि झांबियन तरुण कामाला लागले. किलोंबेरो खोऱ्यातून दक्षिणेच्या डोंगराळ पठारावर चढणारा मलिंबा ते मकांबाको हा टप्पा सर्वांत अवघड होता. मार्गावरच्या वीसहून अधिक बोगद्यांपैकी बहुतेक आणि उंच पुलांची रांग तिथेच आहे. अपघातांत आणि आजारांत साठहून अधिक चिनी माणसे दगावली, त्यांची दफनभूमी दार-एस-सलामजवळ आहे. स्थानिक मजुरांचे मृत्यू यापेक्षा कमी नसावेत, पण त्यांची आठवण ठेवणारे तसे स्मारक नाही, याची खंत वाटते. 1973 मध्ये रूळ झांबियाच्या सीमेला भिडले, 1975 मध्ये कापिरी मपोशीला, आणि जुलै 1976 मध्ये रेल्वे दोन्ही सरकारांच्या हवाली झाली. ठरलेल्या मुदतीच्या आत झालेले एवढे मोठे परदेशी मदतीचे काम त्या काळात, आणि आजही, दुर्मीळ आहे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप, म्हणजे आकड्यांचा. वर्षाला वीस लाख टन मालाची क्षमता गृहीत धरलेली ही रेल्वे आपल्या सर्वोत्तम वर्षांत बारा लाख टनांच्या आसपास पोहोचली आणि मग घसरत गेली. गेल्या दशकात तर एका वर्षी ती एक लाख टनांच्याही खाली आली. मग जागतिक बँकेचेच खरे ठरले का? उत्तर देण्याआधी सुरुवातीची वर्षे पाहू. जानेवारी 1973 मध्ये ऱ्होडेशियाने झांबियाची सीमा बंद केली. ती पुन्हा उघडण्याची तयारी स्मिथने दाखवली तेव्हा कौंडा यांनी नकार दिला. उत्तरेचे रूळ जवळ येत असल्याचे दिसत होते, म्हणूनच तो नकार देता आला. 1975 मध्ये अंगोलात यादवी भडकली आणि पश्चिमेकडचा बेंगुएला मार्गही गेला. दक्षिण आणि पश्चिम दोन्ही बाजू बंद असताना तांब्याला समुद्र दाखवणारी एकच रेल्वे उरली होती. विम्याचा हप्ता वाया गेला की नाही हे घराला आग लागलेल्या वर्षी विचारायचे असते, आणि टाझाराच्या बाबतीत आग हस्तांतराच्या आधीच लागलेली होती.

तरीही हा बचाव ताणू नये. ऑक्टोबर 1978 मध्ये कौंडा यांना दक्षिणेचा मार्ग पुन्हा उघडावा लागला, कारण पेरणीसाठी खत वेळेत पोहोचत नव्हते. दार-एस-सलाम बंदरात माल तुंबला होता, वाघिणी वेळेवर परत येत नव्हत्या, आणि चिनी इंजिने मलिंबाच्या चढावर कमी पडत होती. पुढच्याच पावसाळ्यात दरडी कोसळून आणि रूळ वाहून जाऊन वाहतूक ठप्प झाली. 1980 च्या दशकात इंजिने पश्चिम जर्मनीतून आणावी लागली. 1980 मध्ये झिंबाब्वे स्वतंत्र झाला, 1990 च्या दशकात दक्षिण आफ्रिका मोकळी झाली, आणि ज्या धोक्यासाठी रेल्वे बांधली तो धोकाच उरला नाही. त्यात अमेरिकेच्या मदतीने झालेल्या महामार्गावरचे ट्रक समोर होतेच. आज झांबियाचे बहुतेक तांबे दार-एस-सलामला रस्त्याने जाते. म्हणजे दोन देणाऱ्यांना एकाच वेळी वापरून घेण्याच्या चतुराईची एक किंमतही होती, दोन समांतर मार्ग एकमेकांचा माल खाऊ लागले.

पण माझ्या मते मूळ चूक याहून वेगळ्या जागी झाली. न्येरेरे आणि कौंडा यांनी रेल्वे बांधण्याच्या अटींवर कसून बोलणी केली, ती चालवण्याच्या अटींवर केली नाहीत. 1975 च्या कायद्याने टाझारा प्राधिकरण दोन्ही देशांच्या समान मालकीचे झाले. व्यवस्थापकीय संचालक झांबियाचा, उपसंचालक टांझानियाचा, मंत्र्यांची परिषद दोघांची. बंधुभावाला हे शोभणारे होते, पण भांडवल कमी पडले तर कोणी किती घालायचे, भाडे कोणी ठरवायचे, देशांनी एकमेकांचे थकवलेले पैसे कोण वसूल करणार, याची सक्षम तरतूद नव्हती. निम्मी निम्मी मालकी असलेल्या संस्थेत पैसा घालायची वेळ आली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहतो. नवा रूळ, नवे इंजिन, सुटे भाग यांसाठी पुन्हा चीनकडे जायचे आणि पुन्हा बिनव्याजी कर्जाचा करार करायचा, ही नेहमीची रीत झाली. हस्तांतरानंतर थोड्याच वर्षांत चिनी तज्ज्ञांना व्यवस्थापनात मदतीसाठी परत बोलवावे लागले. पगार थकले, संप झाले, वाघिणी आजारी पडत गेल्या. यात चीनचाही दोष आहे. पूर्ण झालेली वस्तू सोपवून बाजूला होण्याची पद्धत कराराच्या दिवशी सार्वभौमत्वाचा मान राखणारी दिसते, पण रेल्वे ही रोज नव्याने चालवावी लागणारी व्यवस्था आहे आणि तिचे ज्ञान समारंभात सुपूर्द करता येत नाही. मपिकाला प्रशिक्षण शाळा झाली, दोनशेच्या आसपास विद्यार्थी चीनमध्ये शिकून आले, तरी रुळांची निगा राखणारे कारागीर आणि हिशेब पाहणारे अधिकारी पुरेशा संख्येने घडले नाहीत.

टनांच्या आकड्यांत न मावणारी एक बाजू अभ्यासकांनी पुढे आणली आहे. अमेरिकन इतिहासकार जेमी मॉन्सन यांनी या मार्गाच्या टांझानियातल्या पट्ट्यात राहून जुन्या कामगारांशी, शेतकऱ्यांशी आणि व्यापाऱ्यांशी बोलून जे लिहिले, त्यावरून दिसते की तांब्यासाठी बांधलेली रेल्वे लोकांनी हळूहळू आपल्या कामाला लावली. किलोंबेरो खोऱ्यात स्टेशनांच्या आसपास वस्त्या वाढल्या. तांदूळ, केळी, मका, टोमॅटोची पोती प्रत्येक थांब्यावर थांबणाऱ्या संथ गाडीत चढू लागली. रस्ता नसलेल्या भागातल्या बाईला डोक्यावरच्या ओझ्यासह पुढच्या बाजाराला पोहोचवणारे तेच एक साधन होते. ज्या वर्षी तांब्याची वाहतूक घटून तोटा वाढला, त्या वर्षीही ही किरकोळ ने-आण चालू होती. तिला ताळेबंदात जागा मिळाली नाही, कारण भाडे थोडे होते. मात्र 1990 च्या दशकात काटकसरीसाठी छोटी स्टेशने बंद करण्याचा विषय निघाला तेव्हा विरोध याच वस्त्यांतून झाला. रेल्वे आपली आहे, असे त्यांना वाटत होते.

ही सगळी चर्चा आज पुन्हा जिवंत झाली आहे. विजेवर चालणाऱ्या वाहनांमुळे तांब्याला आणि शेजारच्या काँगोतल्या कोबाल्टला मागणी वाढली. अमेरिका आणि युरोपीय संघाने अंगोलातल्या लोबिटो बंदराकडे जाणारा जुना बेंगुएला मार्ग उचलून धरला. अमेरिकेच्या विकास वित्त संस्थेने त्यासाठी 55 कोटी 30 लाख डॉलरचे कर्ज देऊ केले, आणि डिसेंबर 2024 मध्ये अध्यक्ष बायडेन अंगोलाला गेले. त्याआधी तीन महिने, सप्टेंबर 2024 मध्ये, पेकिंगमध्ये चीनचे शी जिनपिंग, टांझानियाच्या सामिया सुलुहू हसन आणि झांबियाचे हकाइंडे हिचिलेमा या तीन अध्यक्षांच्या उपस्थितीत टाझाराच्या पुनरुज्जीवनाचा सामंजस्य करार झाला होता. 2025 मध्ये चिनी सरकारी बांधकाम कंपनीशी रेल्वे तीस वर्षे चालवायला देण्याचा सुमारे 1.4 अब्ज डॉलरचा करार करण्यात आला. झांबियासमोर पुन्हा दोन देणारे उभे आहेत, या वेळी दोन वेगळ्या दिशांना. हिचिलेमा दोन्ही मार्गांचे स्वागत करतात, आणि ते शहाणपणाचेच आहे.

पण 1967 आणि 2025 या दोन करारांचा सांगाडा वेगळा आहे, आणि चीन तोच म्हणून करारही तोच, असे समजणे घातक ठरेल. तेव्हा बिनव्याजी कर्ज आणि संपूर्ण स्थानिक मालकी होती. आता कंपनी गुंतवणूक करील, रेल्वे चालवील आणि आपला पैसा तीस वर्षांत वाहतुकीतून वसूल करील. जुन्या व्यवस्थेत कोणीच जबाबदार नव्हते, नव्या व्यवस्थेत जबाबदारी नफ्याच्या दिशेने वाहणार. काही जण म्हणतील, मग बरेच झाले, पन्नास वर्षांच्या अनागोंदीनंतर कोणीतरी हिशेबाने चालवू दे. या म्हणण्यात तथ्य आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये परदेशी रोख्यांचे व्याज चुकवू न शकलेल्या झांबियाला, ज्याचा सर्वांत मोठा द्विपक्षीय सावकार चीनच आहे, नवे सरकारी कर्ज काढून रेल्वे दुरुस्त करणे शक्यही नव्हते. मात्र टांझानियाचाच एक ताजा धडा इथे जोडावा लागेल, आणि त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. 2007 मध्ये टांझानियाने आपली जुनी मीटरगेज रेल्वे पंचवीस वर्षांच्या कराराने चालवायला दिली, त्यात 51 टक्के हिस्सा राइट्स या भारत सरकारच्या कंपनीचा होता. गुंतवणूक कोणी किती करायची, जुनी इंजिने कोणाची जबाबदारी, थकलेले पगार कोणी द्यायचे, यावर वाद झाले आणि काही वर्षांतच करार मोडून रेल्वे सरकारकडे परत आली. देणारा चीन होता की भारत, याने तिथे फरक पडला नाही. प्रश्न कलमांचा होता.

म्हणून टाझाराच्या नव्या करारात दार-एस-सलाम आणि लुसाका इथल्या संसद सदस्यांनी पाहायच्या गोष्टी अगदी ठोस आहेत. अपेक्षेपेक्षा माल कमी आला तर तूट कोण सोसणार? स्वतंत्र मालवाहू कंपन्यांना त्याच रुळांवरून गाड्या नेऊ देणार का, आणि कोणत्या दराने? तीस वर्षांनी रूळ, इंजिने आणि वाघिणी कोणत्या अवस्थेत परत मिळणार, आणि ती अवस्था ठरवणार कोण? दुरुस्तीची कौशल्ये किती स्थानिक माणसांना, किती वर्षांत शिकवली जाणार? आणि किलोंबेरोच्या प्रत्येक थांब्यावर थांबणारी ती संथ प्रवासी गाडी, जिच्यातून कोणाला नफा होणार नाही, ती आठवड्यातून किती वेळा धावणार, हे कंपनीच्या मर्जीवर सोडले आहे की करारात आकड्याने लिहिले आहे?